अर्ज मागे घेण्याआधी



या पानावर आपण साखर, रक्तदाब, क्षयरोग, पाळीच्या तक्रारी यांवर बोलत असतो. या वेळी विषय कोर्टाचा आहे. आरोग्याच्या पानावर कोर्ट कशाला, असे कोणाला वाटेल. पण वस्तीत घरोघरी रक्तदाब मोजत फिरताना मला दिसते ते असे. घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या घरातल्या बाईचा रक्तदाब गोळ्या खाऊनही खाली येत नाही. तिसरीतला मुलगा पुन्हा अंथरूण ओले करायला लागलेला असतो. आजी रात्रभर जागी असते. आणि दावा मागे घेतला की हे सगळे आपोआप बरे होते असेही नाही. कधी होते, कधी पहिल्यापेक्षा वाईट होते.

दावा टाकताना बाईला वर्ष-वर्ष विचार करावा लागतो. माहेरी विचारा, वकील शोधा, पैसे जमवा, पुरावे गोळा करा. काढून घ्यायला मात्र एक कागद पुरतो. आपल्याकडच्या कोर्टात त्याला ‘पुरसिस’ म्हणतात. ‘आमच्यात समेट झाला आहे, दावा पुढे चालवायचा नाही’ अशा चार ओळी, खाली सही, न्यायाधीशांची दोन मिनिटांची विचारपूस, आणि दावा निकाली. टाकायला इतका वेळ आणि काढायला इतका थोडा, यातच सगळी गोम आहे. त्या दोन मिनिटांच्या आधीचे सहा महिने कसे गेले, त्यावर पुढचे सगळे ठरते.

आमच्या वस्तीतली एक ताई. नाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून छापत नाही. हकिकत लिहायला तिची आणि तिच्या नवऱ्याची, दोघांचीही परवानगी आहे. लग्नाला अकरा वर्षे, दोन मुले. ती एका मेसमध्ये पोळ्या करते, तो टेम्पो चालवतो. सुरुवातीला माणूस बरा होता. मग दारू वाढली, मग हात उठायला लागला, मग घरातला गॅस सिलिंडरसुद्धा विकला गेला. एका रात्री मुलांना घेऊन ती आईकडे निघून गेली आणि पुढे पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तिने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा टाकला. चौदा महिने तारखा झाल्या. मधल्या काळात नवरा व्यसनमुक्तीच्या उपचाराला गेला. बाहेर आल्यावर तीन महिने प्यायला नाही. मग सासू साडी घेऊन आली. विहारातले एक ज्येष्ठ म्हणाले, “पोरी, अशोका विजयादशमीच्या आत दावा काढून घे, चांगला दिवस आहे.”

ती माझ्याकडे आली ती एवढेच विचारायला, “ताई, काढू का?”

मी म्हटले, “काढायचा की नाही ते तू ठरवशील. आधी बस, बोट पुढे कर, हिमोग्लोबिन बघू.”

हसली ती. पण मी गमतीने म्हटले नव्हते. हिमोग्लोबिन ८ निघाले. चौदा महिने ती पहाटे चारला उठून मेसमध्ये जात होती, दुपारी कोर्टात, रात्री आईच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत झोप. अशा थकलेल्या बाईला कोणीही काहीही विचारले तर ती ‘हो’ म्हणते, कारण ‘हो’ म्हटले की निदान विचारणे तरी थांबते. अंगात रक्त कमी, झोप तुटकी, मन खचलेले, अशा अवस्थेत माणूस घरी परत जायला तयार होतो तेव्हा त्याला खरोखर संसार हवा आहे की फक्त विसावा हवा आहे, हे त्याचे त्यालाही कळत नाही. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, आधी महिनाभर लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि शक्य तितकी झोप घे. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणे, कशातच मन न लागणे, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटणे असे असेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहे. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. महिन्यानंतरही ‘मला परत जायचे आहे’ असेच वाटत असेल, तर त्या वाटण्याला वजन आहे.

त्या ताईला महिन्यानंतरही तसेच वाटत होते. तिचे शब्द होते, “मला तो माणूस नको झाला नव्हता, दारू नको झाली होती.”

काही प्रश्न मी तरीही विचारले, आणि ते प्रत्येक बाईने स्वतःला विचारावेत. त्याने कधी गळा दाबला होता का? रॉकेल ओतण्याची, जाळण्याची धमकी दिली होती का? पोटुशी असताना मारले होते का? घरात कोयता, चाकू दाखवला होता का? तुझ्यावर पाळत ठेवतो का, फोन तपासतो का? मुलांना घेऊन जाईन, मारीन म्हणाला होता का? यातला गळ्याचा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते. गळा दाबल्याच्या खुणा बऱ्याचदा बाहेर दिसत नाहीत. आवाज बसतो, गिळताना दुखते, डोळ्यांत लाल ठिपके येतात, आणि मानेच्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनी लकवासुद्धा येऊ शकतो. अशी बाई ‘काही नाही, थोडे दाबले होते’ म्हणून घरी बसते. तिने त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला आहे त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका इतर मारहाणीपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे वैद्यकीय अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तिथे माझे मत स्पष्ट आहे: अशा घरात समेटाचे बोलणे आम्ही करत नाही, मग सासू कितीही साड्या आणो.

या ताईच्या बाबतीत मारहाण होती, पण हे बाकीचे नव्हते. आणि मारहाण प्यालेला असतानाच व्हायची. हे मी खात्री करून घेतले, कारण ‘दारू प्यायल्यावर मारतो’ असे म्हणणाऱ्या कित्येक बाया नीट विचारल्यावर सांगतात, की न पिताही मारतो. तसे असेल तर दारू सोडवून मारहाण सुटणार नाही.

दारूबद्दल थोडे सविस्तर

आपल्या वस्त्यांतले बहुतेक दावे दारूपाशी सुरू होतात आणि बहुतेक समेटही ‘आता सोडली’ या दोन शब्दांवर होतात. तेव्हा सोडणे म्हणजे काय ते घरच्यांना माहीत हवे.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरी, एका दिवसात, शपथ घेऊन दारू बंद करणे धोक्याचे आहे. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, ताप चढतो. वस्तीत याला ‘बाहेरचे लागले’ म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. बाहेरचे काही नसते, मेंदू दारूशिवाय गोंधळलेला असतो, आणि यात माणूस दगावू शकतो. रुग्णालयात यावर औषधे आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने आहेत. पहिले काही दिवस तिथेच काढलेले बरे.

दुसरी गोष्ट. ‘न सांगता डाळीत टाका, दारू सुटेल’ म्हणून काही ठिकाणी पावडर विकली जाते. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असते. हे खरे औषध आहे, पण डॉक्टरांनी तपासून, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचे औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम पडतो, कधी जीवही जातो. आपल्या नवऱ्याला वाचवायला निघालेल्या बाईच्या हातून असे काही होऊ नये. शिवाय लपवून दिलेल्या औषधाने सुटलेली दारू म्हणजे त्याने सोडलेली दारू नव्हे. समेट कशाच्या भरवशावर करायचा मग?

तिसरी. उपचार घेतलेला माणूस पुन्हा घसरू शकतो, बरेच जण एकदा तरी घसरतात. दम्यासारखा, साखरेसारखा हा आजार आहे, उलटतो, पुन्हा उपचार करावे लागतात. म्हणून तीन महिने प्यायला नाही ही चांगली सुरुवात आहे, निकाल नव्हे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते, तिथे आणि इतर चांगल्या केंद्रांतही पाठपुराव्याला, घरच्यांच्या बैठकांना तेवढेच महत्त्व देतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका तर मोफत असतात आणि शहरात जागोजागी चालतात. तो नियमाने जातो का, एवढे बघा. ‘मला आता गरज नाही, मी मनाचा घट्ट आहे’ म्हणणारा माणूस मला काळजीत टाकतो.

या दोघांनी एक गोष्ट चांगली केली. घसरला तर काय, हे आधीच ठरवले. ज्या रात्री तो पिऊन येईल त्या रात्री तो घरात झोपणार नाही, भावाकडे जाईल. दुसऱ्या दिवशी त्याच्या समुपदेशकाला फोन जाईल. आणि पगार तिच्या हातात येईल तो आठ महिने तरी येतच राहील. भावालाही बोलावून समोर विचारले, “झोपायला जागा देशील ना?” कारण योजना कागदावर असते आणि रात्री बारा वाजता दार उघडायला माणूस लागतो.

आपण पंचशील रोज म्हणतो. सुरा-मेरयाचे पाचवे शील आपल्या किती घरांत पाळले जाते, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण सिगालाला नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली, त्यात बायकोचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे आणि घरचा कारभार तिच्या हाती देणे हे आहे. बायकोने सहन करावे, असे त्या यादीत कुठे नाही. हे मी त्या नवऱ्यालाही सांगितले. तो खाली मान घालून म्हणाला, “आमच्या विहारात हे सांगतात का कधी?” मला उत्तर देता आले नाही.

शरीराचे आधी बघा

हे वाक्य बैठकीत कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. वर्ष-दीड वर्ष नवरा-बायको वेगळे राहिले. मधल्या काळात कोण कुठे गेले, काय झाले, याची चौकशी करत बसण्यापेक्षा दोघांनीही तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आधी समुपदेशन होते आणि निकाल गुप्त ठेवतात. सोबत गरमीची म्हणजे सिफिलिसची व्हीडीआरएल आणि काविळीची हिपॅटायटिस बी तपासणीही करायला सांगा. तपासणी आज नकारात्मक आली तरी अलीकडचा संसर्ग लगेच दिसतोच असे नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची आणि तोवर निरोध वापरायचा. निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. ‘नवऱ्याला तपासणीला चल म्हटले तर संशय घेते असे वाटेल’ हे मला हमखास ऐकायला मिळते. मग ‘दोघांची करू, नर्सताईंनी सांगितले आहे’ म्हणा, माझे नाव पुढे करा, मला चालते.

दुसरे, लगेच दिवस राहू देऊ नका. समेटानंतर घरचे म्हणतात, एक मूल झाले की संसार घट्ट होईल. मूल ही गाठ नाही. निदान वर्षभर थांबा, माणूस टिकतो का ते बघा. तांबी आहे, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. सगळे सरकारी दवाखान्यात मोफत. कुठले तुम्हाला मानवेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि घरी परत आली म्हणजे पहिल्याच रात्रीपासून तयार असली पाहिजे असे काही नाही. ज्या हाताने मारले तो हात अंगावर आला की बाईचे शरीर आखडते, याला वेळ लागतो. ‘नको’ म्हणण्याचा हक्क परत येताना दारात ठेवायचा नसतो. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ हाही हिंसाचारच धरला आहे, नवऱ्याने केला तरी. ही ताई पहिले दोन महिने मुलांजवळ झोपली. नवऱ्याने ते मान्य केले. मला वाटते, हा समेट टिकेल असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

आता कागद

बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, त्या कायद्यातच बौद्धांचा उल्लेख आहे. बाईला घटस्फोट मागण्याचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती झुंज दिली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्या बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे दावा टाकलेल्या बाईकडे ‘घर मोडणारी’ म्हणून बघणे आपल्या समाजाला शोभत नाही. तिने हक्क वापरला. उद्या तो मागे घेतला, तर तोही तिचाच निर्णय असला पाहिजे.

पुरसिस देण्याआधी वेळ मागता येतो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे समेटाची शक्यता दिसली तर न्यायालय दावा तसाच ठेवून पुढची तारीख देऊ शकते. न्यायालयातच विवाह समुपदेशक असतात, त्यांच्याकडे दोघांना बसवतात. म्हणजे दावा जिवंत ठेवून माणूस पारखता येतो. या ताईने तेच केले. “साहेब, आम्ही प्रयत्न करतो आहोत, वेळ द्या” असे वकिलांमार्फत सांगितले. नवऱ्याला हे आवडले नाही. “विश्वास नाही का?” म्हणाला. ती म्हणाली, “विश्वासाची तारीख पुढची आहे.” असे हजरजबाबी बोलणे मला जमले नसते.

एकत्र राहायला लागलात आणि पुन्हा बिनसले, तर समोरचा वकील म्हणू शकतो की ‘हिने मागचे सगळे माफ केले, म्हणून तर परत गेली’. ही माफी अटीची असते. १९७५ साली दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की पुन्हा वाईट वागले तर मागची क्रूरता जागी होते. तरीही तुमची जुनी वैद्यकीय कागदपत्रे, फोटो, पोलिसांतल्या तक्रारींच्या प्रती फाडून टाकू नका. समेटाच्या उत्साहात नवऱ्यासमोर कागद जाळणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. माफ करायला कागद जाळावे लागत नाहीत.

दावा काढताना वकिलांना एक नेमका प्रश्न विचारा: पुढे गरज पडली तर नव्याने दावा करण्याची मुभा ठेवून काढता येईल का? दिवाणी प्रक्रियेत तशी परवानगी मागता येते. परवानगी न घेता काढला, तर त्याच जुन्या कारणावर तोच दावा पुन्हा टाकता येत नाही. नवीन मारहाण, नवीन छळ झाला तर नवीन दावा करता येतो, तो रस्ता बंद होत नाही.

परस्परसंमतीचा दावा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात पहिल्या सहीनंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. ते न्यायालय कमी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही एकटा आपली संमती काढून घेऊ शकतो, हे १९९१ पासून ठरलेले आहे. दुसऱ्याची परवानगी लागत नाही.

घटस्फोटाचा दावा काढला म्हणजे बाकीच्या केसेस आपोआप निघत नाहीत. पोटगीचा अर्ज, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, हे प्रत्येक आपापल्या न्यायालयात वेगळे. पोलिसांतली ४९८अ ची तक्रार, जी नवीन संहितेत कलम ८५ झाली आहे, ती तर सरकार चालवते. ती पुरसिसने निघत नाही, बहुधा उच्च न्यायालयात जावे लागते. नवऱ्याकडचे लोक सगळे एकदम काढून घ्या म्हणतात. माझा सल्ला असा, की घरगुती हिंसाचाराचा अर्ज सगळ्यांत शेवटी काढा. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरातला हक्क हे त्यातून मिळते. घर सासऱ्याच्या नावावर असले, नवऱ्याच्या असले, तरी सून म्हणून तिथे राहण्याचा हक्क त्या कायद्यात आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन १५१००.

आणि लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर आता करून टाका. विहारात लग्न लागले, भन्तेंनी आशीर्वाद दिले, फोटो आहेत, पण नोंदणी नाही, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

बैठकीबद्दल दोन शब्द

विहारातल्या बैठकीला माझा विरोध नाही. आपली माणसे, आपले घर, मदतीला धावतात. पण अकरा पुरुष एका ओळीत आणि समोर एक बाई मान खाली घालून, याला बैठक म्हणू नये. दुसऱ्या एका वस्तीत अशी बैठक झाली. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, ‘यापुढे मारणार नाही’. पुढच्याच तारखेला दावा काढला. दोन महिन्यांत बाईचा हात मोडला. पोलीस ठाण्यात गेली तर ऐकायला मिळाले, “आत्ताच तर समेट केलात ना?” तो स्टॅम्पपेपर तिने पिशवीतून काढून दाखवला. त्याला कोर्टाच्या हुकमाचे वजन नाही. तसेच स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या सोडचिठ्ठीनेही घटस्फोट होत नाही, हेही सांगून ठेवते. काही अटी लिहायच्याच असतील, तर त्या कोर्टासमोर संमतीच्या अटी म्हणून दाखल कराव्यात, दोघांच्या सह्यांनिशी.

बैठकीत निम्म्या बाया असाव्यात, बाईचे म्हणणे एकटीला वेगळे बसवून ऐकावे, आणि ‘कधी काढणार’ हा प्रश्न कोणी विचारू नये. सणाच्या तारखेशी तर दाव्याचा काहीही संबंध नाही. त्या ज्येष्ठांना मी हे नम्रपणे सांगितले. त्यांना राग आला, पण पुढच्या बैठकीला त्यांनी त्यांच्या सुनेला आणून बसवले.

मुलांचे थोडक्यात. ‘आता पप्पा कधीच पिणार नाहीत’ असे वचन मुलांना देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘पप्पा औषध घेत आहेत, आपण परत एकत्र राहून बघणार आहोत, आणि तुला भीती वाटली तर मला सांग’ इतके खरे सांगा. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला रागावू नका, चारचौघांत बोलू नका. नव्या-जुन्या घराच्या ये-जा मध्ये काही आठवडे हे वाढूही शकते. दोन-तीन महिन्यांत थांबले नाही, किंवा पोटदुखी, शाळेत न बोलणे सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवा.

या ताईने सात महिने दावा तसाच ठेवला. मधे नवरा एकदा घसरला, चुलतभावाच्या हळदीत. ठरल्याप्रमाणे भावाकडे झोपला, दुसऱ्या दिवशी स्वतःच समुपदेशकाकडे गेला. तिने त्या रात्री दार उघडले नाही आणि सकाळी त्याचा डबा मात्र भरून ठेवला. पुढच्या चार महिन्यांत पुन्हा झाले नाही. मग एका तारखेला दोघे एकत्र कोर्टात गेले. न्यायाधीशांनी तिला एकटीला विचारले, “कोणाच्या दबावाखाली नाही ना?” ती म्हणाली, “नाही. सात महिने घेतले मी.” पुरसिस दाखल झाली, संमतीच्या अटी जोडल्या, नव्याने दावा करण्याची मुभा हुकमात नोंदवली गेली.

मेसची नोकरी तिने सोडलेली नाही. आईकडच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच आहे. हुकमाची प्रमाणित प्रत, जुन्या केसपेपरचे कागद आणि लग्नाचा नोंदणी दाखला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने बचत गटाच्या कपाटात ठेवले आहेत. परवा रक्तदाब मोजायला गेले तेव्हा १३०-८४ होता, आणि हिमोग्लोबिन ११ झाले आहे. लोहाच्या गोळ्या अजून दोन महिने चालू ठेवायला सांगितल्या आहेत.

तातडीची गरज पडली तर महिलांसाठी १८१, पोलीस ११२, लहान मुलांसाठी १०९८. हे तिन्ही क्रमांक फोनमध्ये दुसऱ्याच कोणाच्या नावाने जतन करून ठेवा.